जर्मनीत नवीन आलात? सिम, प्लॅन आणि भारतातल्या नंबरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली सेमेस्टर एप्रिल आणि ऑक्टोबरला सुरू होतात, आणि त्याच्या आधीचा महिनाभर पुण्या-मुंबईतून, नाशिक-नागपूरातून हेच प्रश्न येत राहतात. नोकरीसाठी येणारे तर वर्षभर विचारतात. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहिलंय. घाई असेल तर एवढंच लक्षात ठेवा: आधी भारतातला नंबर सुरक्षित करा, मग इथलं प्रीपेड घ्या, आणि कॉन्ट्रॅक्टला सहा महिने तरी हात लावू नका. ऑफर्स आणि किमती सतत बदलतात, त्यामुळे आकडे फक्त अंदाजासाठी.

१. निघायच्या आधी भारतात फोनचं काय काय करून ठेवायचं?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधार, पॅन, बँक, डिमॅट, पीएफ सगळीकडे एकच नंबर आहे ना बघा, आणि तो तुमच्या स्वतःच्या नावावर आहे ना तेही बघा. आपल्याकडे बऱ्याच घरात मुलांचं सिम बाबांच्या नावावर असतं, कॉलेजला असताना घेतलेलं, आणि इथे आल्यावर सिम हरवलं की डुप्लिकेट काढायला बाबांनाच सिम कंपनीच्या गॅलरीत जावं लागतं. ते चालतं, पण माहीत असलेलं बरं.

दुसरं, त्या नंबरवर इंटरनॅशनल रोमिंग सर्व्हिस तिथेच चालू करून घ्या. पॅक नाही, नुसती सर्व्हिस. ती बंद असेल तर इथे पोहोचल्यावर सिमला नेटवर्कच मिळत नाही आणि ओटीपी येत नाहीत.

तिसरं, भारतातलं सिम प्लास्टिकचंच राहू द्या, ईसिम करू नका. इथलं ईसिम घ्या. कारण फोन बिघडला तर प्लास्टिकचं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की काम झालं, पण भारतातलं ईसिम इथे बसून नव्या फोनवर आणायचं म्हणजे पुन्हा एसएमएस, ओटीपी आणि कस्टमर केअर, आणि फोन बंद पडलेला असताना तो एसएमएस येणार कुठे?

चौथं, निघायच्या आधी नवा सॅमसंग घेतला असेल तर भारतातलं सिम घालून त्यावरून पाचेक मिनिटं बोलून घ्या. बऱ्याच मॉडेल्सना रीजन लॉक असतो, बॉक्सवर तसा स्टिकर असतो, आणि तो लॉक विकल्या गेलेल्या भागातल्या सिमवरून कॉल केल्यावरच सुटतो.

२. उतरल्या उतरल्या नेट हवंय, एअरपोर्टवरच सिम घेऊ का?

शक्यतो नको. एअरपोर्टवरची टूरिस्ट सिम महाग असतात आणि नंतर त्यावर चांगला प्लॅन मिळेलच असं नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी एकतर भारतातल्या नंबरवर छोटा रोमिंग पॅक घ्या नाहीतर ॲपमधून मिळणारं ट्रॅव्हल ईसिम घ्या. ट्रॅव्हल ईसिममध्ये बहुतेक वेळा नुसता डेटा असतो, जर्मन नंबर मिळत नाही, म्हणून घरमालकाला किंवा बँकेला द्यायला त्याचा उपयोग नाही. एअरपोर्टचं वायफाय फुकट असतं, घरी पोहोचल्याचा मेसेज तेवढ्यात होतो.

३. प्रीपेड घेऊ की कॉन्ट्रॅक्ट? सीनियर म्हणतात कॉन्ट्रॅक्ट स्वस्त पडतो

पहिल्या सहा महिन्यांत प्रीपेडच. कॉन्ट्रॅक्टला जर्मन बँक अकाउंट लागतं, बँकेला फोन नंबर लागतो, आणि दोघांनाही पत्ता लागतो, म्हणजे सगळं एकमेकांत अडकलेलं. प्रीपेडने हा गुंता सुटतो कारण त्याला फक्त पासपोर्ट आणि इथला राहायचा पत्ता पुरतो. शिवाय पहिलं घर टेम्पररी असतं, शहर बदलू शकतं, नोकरीचा प्रोबेशन असतो, अशा वेळी दोन वर्षांचा कागद गळ्यात कशाला घ्यायचा.

आणि कॉन्ट्रॅक्ट स्वस्त हे तेवढंसं खरं राहिलेलं नाही. सुपरमार्केटच्या ब्रँडचं प्रीपेड चार आठवड्यांना साधारण ८ ते १५ युरोत मिळतं, त्यात जर्मनीभर कॉल फ्री आणि एका माणसाला पुरेल एवढा डेटा. कॉन्ट्रॅक्टची जाहिरात वाचताना सहा महिन्यांनी किंमत वाढते का, सुरुवातीची फी किती, आणि सोबतच्या हँडसेटचे २४ महिन्यांत एकूण किती पैसे जातात ही बेरीज स्वतः करा. हँडसेट वेगळा विकत घेतला तर बहुतेक वेळा कमीच पडतो.

पुढे घ्यायचाच झाला आणि वय २८ च्या आत असेल तर तिन्ही मोठ्या कंपन्यांचे तरुणांसाठी वेगळे प्लॅन असतात, तेव्हा ते नक्की बघा.

४. इतके ब्रँड आहेत, घ्यायचं कुठलं?

ब्रँड कितीही दिसले तरी मूळ नेटवर्क मोजकीच आहेत: टेलेकॉम, व्होडाफोन आणि ओटू. चौथी आइन्स-उंट-आइन्स, तिने स्वतःचं नेटवर्क उभारायला घेतलंय आणि जिथे तिचा टॉवर नाही तिथे ती दुसऱ्याचा वापरते. बाकी सगळे यांच्याच टॉवरवर चालतात. कॉन्गस्टार, फ्रेंक, पेनी मोबिल हे टेलेकॉमवर, लिडल कनेक्ट आणि ओटेलो व्होडाफोनवर, आल्डी टॉक आणि ब्लाउ ओटूवर.

बर्लिन, म्युनिक, हँबुर्गसारख्या मोठ्या शहरात राहणार असाल तर स्वस्त जे मिळेल ते घ्या. पण युनिव्हर्सिटी छोट्या गावात असेल, किंवा रोज ट्रेनने खेड्यापाड्यांतून जाणं असेल तर टेलेकॉमच्या टॉवरवरचा ब्रँड दोन-तीन युरो जास्त देऊन घ्यावा असं माझं ठाम मत आहे, कारण इथे शहराबाहेर रेंज खरंच जाते आणि नवीन माणसाला रस्ता शोधताना नेट लागतंच. आधी ज्या घरात राहणार तिथल्या लोकांना विचारा, त्यांच्या किचनमध्ये कुठलं चालतं ते. कंपनीच्या नकाशापेक्षा हे उत्तर जास्त कामाचं.

५. अजून आनमेल्डुंग झालेलं नाही, सिम मिळेल का?

मिळेल. आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, ती प्रीपेडसाठी लागत नाही. पण ओळख पटवल्याशिवाय सिम चालू होत नाही, हा नियम १ जुलै २०१७ पासून आहे, त्यामुळे दुकानातून पाकीट आणलं, सिम घातलं आणि सुरू, असं इथे होत नाही. पासपोर्ट दाखवायचा (ऑनलाइन असेल तर बहुतेक वेळा व्हिडिओ कॉलवर) आणि सध्या जिथे राहताय तो पत्ता सांगायचा. हॉस्टेल किंवा मित्राचं घर असेल तरी तोच द्या, पण खरा द्या, आणि घर बदललं की ॲपमध्ये बदला.

६. व्हिडिओ कॉलवर माझा पासपोर्ट रिजेक्ट झाला, आता काय?

घाबरू नका, तुमच्या पासपोर्टमध्ये काही खोट नाही. काही कंपन्यांच्या व्हिडिओ तपासणीत भारतीय पासपोर्ट चालतच नाही, आणि चालतो तिथेही उजेड कमी असला किंवा लॅमिनेशनवर चमक आली की कॉलवरचा माणूस नाही म्हणतो.

दुसरा रस्ता म्हणजे पोस्टइडेंट. कंपनीच्या साइटवरून कूपन घ्यायचं, ते आणि मूळ पासपोर्ट घेऊन पोस्टात जायचं, काउंटरवरचा माणूस तपासून माहिती पुढे पाठवतो. पैसे लागत नाहीत. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. पोस्ट म्हणजे बऱ्याचदा एखाद्या किराणा दुकानातला कोपरा असतो आणि सगळ्याच ठिकाणी ही सोय नसते, तेव्हा आधी ऑनलाइन बघून निघा. तिसरा रस्ता सरळ कंपनीच्या दुकानात जाऊन प्रीपेड घेणं, तिथे समोरच पासपोर्ट बघतात. पण दुकानात गेलात तर आधी प्रश्न १६ वाचा.

रेसिडेन्स परमिटचं कार्ड आल्यावर त्यातली ऑनलाइन ओळख पिन टाकून चालू केली तर पुढच्या वेळी हे काहीच करावं लागत नाही, फोनला कार्ड लावलं की झालं.

७. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात वडिलांचं नावही आहे, फॉर्ममध्ये काय लिहू?

पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं (किंवा नवऱ्याचं) अशी दोन्ही नावं असतात आणि आडनाव वेगळं. इथल्या फॉर्ममध्ये फोरनामे म्हणजे तो अख्खा रकाना, दोन्ही नावांसकट, आणि नाखनामे म्हणजे आडनाव. वडिलांचं नाव गाळलं तर सिस्टिमला नाव जुळत नाही आणि ओळख अडकते. लग्नानंतर नाव बदललंय पण पासपोर्ट जुना आहे, त्यांनी पासपोर्टवरचंच लिहायचं. आणि एकदा जे लिहिलं तेच बँकेत, विम्यात, भाडेकरारात लिहा, पुढचे खूप त्रास वाचतात.

८. सिम पोस्टाने पाठवलं म्हणतात, दोन आठवडे झाले आलंच नाही

लेटरबॉक्सवर तुमचं नाव आहे का? दहातल्या नऊ वेळा कारण हेच असतं. इथे फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन फक्त आडनाव बघतो, आणि ते बॉक्सवर नसेल तर पाकीट परत जातं. घरमालकाला सांगून आजच नावाची पट्टी लावा, आणि दुसऱ्याच्या घरी राहत असाल तर पत्त्यात आपल्या नावाखाली सी/ओ करून त्यांचं आडनाव लिहा. थांबायचं नसेल तर ईसिम मागा नाहीतर सुपरमार्केटमधून पाकीट आणा.

९. रिचार्ज कसा करायचा? मला गुगल पे सारखं काही दिसत नाही

बॅलन्सला इथे गुथाबेन म्हणतात. आल्डी, रेवे, पेट्रोल पंप, डीएम कुठेही काउंटरवर सांगायचं, पैसे दिले की पावती मिळते, तिच्यावरचा कोड ॲपमध्ये टाकायचा. बँक अकाउंट झालं की ॲपमधून आपोआप पैसे कापायची सोय लावता येते. तेव्हा अकाउंटमध्ये पैसे ठेवा, कारण डेबिट परत गेलं की वरून दंड लागतो.

आणि प्लॅन महिन्याचे नसतात, चार आठवड्यांचे असतात, आपल्या २८ दिवसांच्या रिचार्जसारखेच. म्हणजे वर्षात १३ वेळा पैसे. बॅलन्स कमी पडला की पॅक रिन्यू होत नाही आणि मग कॉल मिनिटाच्या हिशोबाने कापले जातात, डेटा तर फारच महाग पडतो.

१०. भारतातला नंबर चालू ठेवायलाच हवा का? दर महिन्याला रिचार्ज परवडत नाही

ठेवायलाच हवा, निदान पहिली दोन-तीन वर्षं तरी. बँकेचे ओटीपी, आधारचे ओटीपी, इन्कम टॅक्सचं रिटर्न, सगळं त्याच्यावर आहे. आणि रिचार्ज न करता सोडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला दिला जातो, मग तुमच्या बँकेचे मेसेज अनोळखी माणसाकडे. हे होऊ देऊ नका.

खर्चाचं म्हणाल तर डेटाचा पॅक लागतच नाही. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवायला सांगितलं आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवू दिली. तो वर्षभराचा पॅक टाका, आई-बाबांना तारीख सांगून ठेवा, आणि ॲपवर स्वतःही रिमाइंडर लावा. ९० दिवस न वापरलेल्या प्रीपेडमध्ये २० रुपये बॅलन्स असेल तर ते कापून ३० दिवस वाढवून देण्याचा जुना नियमही आहे, पण बँकेचा नंबर त्याच्या भरवशावर सोडू नये.

रोमिंगमध्ये येणारा एसएमएस फुकट असतो, म्हणून सिम फोनमध्ये नुसतं पडून राहिलं तरी ओटीपी येतात. पण त्या सिमवरचा मोबाइल डेटा आणि डेटा रोमिंग दोन्ही बंद ठेवा, आणि फोनमधलं आपोआप दुसऱ्या सिमवर डेटा घेण्याचं सेटिंगही बंद करा. त्या नंबरवर आलेला कॉल उचलू नका, पॅक नसेल तर उचलल्याचेही पैसे लागतात.

सेव्हिंग अकाउंट एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं खातं) करायचंच असतं, तेव्हाच बँकेला विचारा की ओटीपी ईमेलवर किंवा जर्मन नंबरवर येतो का. काही बँका ही सोय देतात.

११. जर्मन नंबरवर यूपीआय चालेल का?

यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने जानेवारी २०२३ मध्ये परदेशी नंबर असलेल्या एनआरई आणि एनआरओ (दोन्ही परदेशात राहणाऱ्यांची) खात्यांना यूपीआय उघडून दिलं तेव्हा दहा देशांची यादी होती, अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, यूएई वगैरे. जर्मनी त्यात नव्हतं. म्हणून भारतातल्या नंबरवरच ठेवा आणि निघायच्या आधी ॲप चालू करून घ्या. इथे फोन बदललात तर ॲप त्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं, तो रोमिंगमधला जाणारा एसएमएस असतो आणि त्याचे पैसे लागतात, तेव्हा थोडा टॉकटाइम शिल्लक ठेवा.

१२. व्हॉट्सॲप कुठल्या नंबरवर ठेवू?

घरच्यांसाठी भारतातलाच ठेवा, सगळे ग्रुप त्याच्यावर असतात. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲप फोनमधल्या सिमशी जोडलेलं असावं असा आदेश काढला, म्हणून भारतातलं सिम ड्रॉवरमध्ये न ठेवता फोनमध्येच ठेवा. इथल्या घरमालकाशी, ऑफिसशी बोलायला जर्मन नंबर लागेलच, तो दुसऱ्या अकाउंटवर त्याच फोनमध्ये चालतो.

१३. फोन भारतातून आणलाय, गावाकडे गेलं की रेंजच जाते, फोन खराब आहे का?

खराब नसेल, बँडचा प्रश्न असेल. जर्मनीत शहराबाहेरचं ४जी मोठ्या प्रमाणात ८०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड २० वर चालतं. भारतात हा बँड वापरात नाही, म्हणून भारतासाठी बनवलेल्या काही स्वस्त फोनमध्ये तो दिलेलाच नसतो. मॉडेल नंबर टाकून स्पेसिफिकेशनमध्ये बँड २० आणि २८ आहेत का बघा. नवा फोन घेऊन येणाऱ्यांनी हे दुकानातच तपासा.

दुसरं, नेट चालतं पण कॉल लागत नाही किंवा कॉल लागला की नेट जातं, असं असेल तर व्होएलटीई, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय, चालू नाही. इथलं ३जी २०२१ मध्येच बंद झालं, त्यामुळे व्होएलटीई नसेल तर फोन थेट २जीवर पडतो, आणि २जीही २०२८ मध्ये बंद करायचं टेलेकॉमने जाहीर केलंय. सेटिंगमध्ये व्होएलटीई आणि वायफाय कॉलिंग दोन्ही चालू करा, सॉफ्टवेअर अपडेट करा. तरी नाही झालं तर तो हँडसेट त्या कंपनीच्या यादीत नाही, मग सिम दुसऱ्या नेटवर्कचं घेऊन बघा. तळघरातल्या खोलीत राहणाऱ्यांना वायफाय कॉलिंगचा फार आधार होतो.

हेही सांगून ठेवतो की इमर्जन्सीचा ११२ लावायला इथे फोनमध्ये चालू सिम लागतंच, २००९ पासून सिमशिवाय तो लागत नाही.

१४. सुट्टीत पॅरिस आणि स्वित्झर्लंडला जातोय, वेगळं सिम लागेल का?

पॅरिसला नाही. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून रोमिंगचे जादा पैसे लागत नाहीत, नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनश्टाइनही त्यात आहेत. खूप मोठा डेटा पॅक असेल तर बाहेर वापरायची मर्यादा कमी असू शकते, एवढंच.

स्वित्झर्लंड या नियमात नाही. काही प्लॅनमध्ये कंपनी स्वतःहून देते, बऱ्याच प्रीपेडमध्ये देत नाही. कॉन्स्टान्स किंवा बाझेलच्या जवळ राहणाऱ्यांचा फोन तर घरात बसून स्विस टॉवर पकडतो, त्यांनी नेटवर्क हाताने निवडून ठेवावं. ब्रिटनचंही तसंच, प्लॅन वाचून जा.

अजून एक गोष्ट बरेच जण गल्लत करतात. फ्रान्समध्ये असताना जर्मनीला कॉल केला तर तो तुमच्या प्लॅनमध्ये बसतो, पण जर्मनीत बसून फ्रान्सच्या नंबरला कॉल केला तर तो रोमिंग नाही, आंतरराष्ट्रीय कॉल आहे, आणि त्याला मिनिटाला १९ सेंट अधिक टॅक्सपर्यंत लागू शकतात. भारताला साधा कॉल तर ऑलनेट फ्लॅटमध्ये, म्हणजे जर्मनीभर कॉल फ्री असलेल्या प्लॅनमध्ये, सहसा नसतो.

१५. कॉन्ट्रॅक्ट रिजेक्ट झाला, शुफा खराब आहे म्हणतात. मी तर कुणाचे पैसे बुडवले नाहीत

खराब नाही, रिकामा आहे. शुफा म्हणजे पैसे फेडण्याची नोंद ठेवणारी कंपनी, आणि नवीन माणसाबद्दल तिच्याकडे काहीच नसतं, म्हणून कंपन्या नको म्हणतात. बँक अकाउंट वापरा, बिलं वेळेवर भरा आणि काही महिन्यांनी बघा. तोपर्यंत एकामागून एक दहा ठिकाणी अर्ज करत बसू नका. प्रीपेडला हा प्रश्नच येत नाही.

१६. मॉलमधल्या दुकानात सही केली, घरी येऊन कळलं महाग आहे. १४ दिवसांत रद्द होतं ना?

दुकानात केलेली सही नाही होत. १४ दिवसांचा परत घ्यायचा हक्क ऑनलाइन, फोनवर किंवा दारावर केलेल्या कराराला असतो. दुकानात तुम्ही स्वतः जाऊन सही केली की करार पक्का, दुकानदाराने चांगुलपणा दाखवला तरच सुटका. म्हणून दुकानात फक्त प्रीपेड मागा, समोरचा कितीही गोड बोलला तरी टॅबलेटवर सही करू नका, आणि कागद घरी नेऊन वाचतो म्हणा. करार करण्याआधी थोडक्यात मुद्दे लिहिलेला कागद देणं त्यांना कायद्यानेच बंधनकारक आहे. काही गडबड वाटली तर फेरब्राउखरत्सेन्ट्राले म्हणजे ग्राहक केंद्रात जा, थोडी फी घेऊन ते पत्र लिहायला मदत करतात.

१७. २४ महिन्यांचा कॉन्ट्रॅक्ट संपत आलाय, आपोआप पुढे जातो का?

जातो, पण आता पूर्वीसारखा वर्षभरासाठी नाही. डिसेंबर २०२१ पासून पहिली मुदत संपली की कधीही एका महिन्याच्या नोटिसीवर बंद करता येतो. मुदत संपतानाच थांबवायचा असेल तर त्याच्या महिनाभर आधी कळवा. जुलै २०२२ पासून ऑनलाइन करार विकणाऱ्या साइटवर रद्द करायचं बटण असावंच लागतं, ते वापरा आणि आलेली पोच जपून ठेवा. फोनवर सांगून सोडू नका, तिथे दुसरीच ऑफर गळ्यात मारतात.

१८. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते का?

येते, आणि डिसेंबर २०२१ पासून त्याचे पैसेही लागत नाहीत. नव्या कंपनीला फॉर्ममध्ये जुना नंबर द्या. दोन्हीकडे नाव आणि जन्मतारीख तंतोतंत सारखी हवी, इथेच प्रश्न ७ मधली गडबड परत वर येते. प्रीपेडवाल्यांना आधी जुन्या कंपनीच्या ॲपमध्ये नंबर सोडायची परवानगी द्यावी लागते.

१९. बॅलन्समधून दर आठवड्याला ४.९९ कापले जातायत, मी काहीच घेतलेलं नाही

कुठल्यातरी जाहिरातीवर बोट पडून सबस्क्रिप्शन चालू झालंय. कंपनीला ड्रिटआनबीटरश्पेरं लावायला सांगा, म्हणजे तिसऱ्या कंपनीला तुमच्या बिलातून पैसे घेता येत नाहीत. हे फुकट असतं आणि ॲपमध्येही मिळतं. खरं तर सिम चालू झाल्याच दिवशी लावून टाका.

२०. मित्र नवीन आलाय, माझं जादा सिम त्याला देऊ का?

दोन-चार दिवस घरात वापरायला दिलं तर ठीक, कायमचं नको. त्या नंबरवरून जे होईल त्याची विचारणा तुमच्याकडे होणार. आणि दुकानात कुणी आधीच चालू केलेलं, पासपोर्ट न मागता सिम विकत असेल तर घेऊ नका, ते दुसऱ्याच कुणाच्या नावावर असतं आणि एक दिवस बंद पडतं, तोवर तुमची बँक त्या नंबरला जोडलेली असते.

२१. जर्मनी सोडून परत चाललोय, फोनचं काय करू?

क्रम नीट पाळा. आधी जर्मन बँक, टॅक्स, पेन्शन, विमा, डिपॉझिट परत देणारा घरमालक यांना नवा नंबर आणि ईमेल द्या. घरभाड्याचं डिपॉझिट यायला काही महिने लागतात, तोपर्यंत नंबर जिवंत ठेवा, प्रीपेडला थोडं गुथाबेन टाकलं की बराच काळ राहतो. कॉन्ट्रॅक्ट असेल तर परत जायचं ठरलं की लगेच लेखी कळवा, देश सोडतोय म्हणून लवकर सोडा अशी विनंती करा आणि आबमेल्डुंगचा, म्हणजे पत्त्याची नोंदणी रद्द केल्याचा, कागद जोडा, पण ते मान्य होईल असं धरून चालू नका. काही न कळवता निघून गेलात तर बिलं चालू राहतात, मग वसुली कंपनीची पत्रं जुन्या पत्त्यावर जातात आणि शुफामध्ये नोंद होते, उद्या परत यायचं झालं तर तीच आडवी येते. प्रीपेड बंद करताना उरलेलं गुथाबेन परत मागता येतं, त्यासाठी जर्मन बँक अकाउंट चालू असतानाच अर्ज करा, म्हणजे अकाउंट सगळ्यात शेवटी बंद करायचं.